वेस्टर्न अॅव्हेन्यूच्या दोन बाजू: शिक्षकाची पारख कुणी आणि कशी करायची?

पोटोमॅककाठ

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमानंतर जेवताना एक वाद निघाला आणि अर्धवटच राहिला. शिक्षक चांगलं शिकवतो की नाही हे ठरवायचं कुणी, आणि कशावरून? मला तेव्हा नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी शिक्षिका नाही. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळांत शिकली आणि बारा वर्षं मी पालक संघाचं काम केलं, तेवढाच माझा अधिकार.

आमच्या घरापासून वेस्टर्न अॅव्हेन्यू चालत दहा मिनिटांवर आहे. या रस्त्याची एक कड वॉशिंग्टन डीसीत, दुसरी मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत. झाडं तीच, पण शाळांचा जिल्हा वेगळा. (भारतातल्या वाचकांसाठी: इथला शाळा-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. तो फक्त शाळा चालवतो. त्याचं बजेट वेगळं, आणि वर बसलेला सुपरिंटेंडेंट शिक्षक नेमण्यापासून काढण्यापर्यंत सगळं बघतो.) २००९-१० च्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हाच प्रश्न होता आणि दोन्हीकडची उत्तरं एकमेकांच्या उलट होती.

आधी वॉशिंग्टन. २००७ मध्ये तिथल्या शाळा शिक्षण मंडळाकडून काढून महापौर एड्रियन फेंटी यांच्या हाताखाली आणल्या गेल्या. त्यांनी चॅन्सलर म्हणून मिशेल री यांना आणलं. शाळांची अवस्था खरोखर वाईट होती. त्या वर्षीच्या राष्ट्रीय चाचणीत शहरातली आठवीची जेमतेम ८ टक्के मुलं गणितात 'प्रवीण' पातळीला पोचली होती, आणि तरी बहुतेक शिक्षकांच्या अहवालात 'समाधानकारक' हाच शेरा. री यांनी २००९ च्या शरद ऋतूत 'इम्पॅक्ट' ही मूल्यमापन पद्धत आणली. वर्षातून पाच वर्गनिरीक्षणं. त्यांपैकी तीन शाळेच्या प्रिन्सिपलने करायची, दोन बाहेरून येणाऱ्या 'मास्टर एज्युकेटर'ने. चौथी ते आठवीला भाषा किंवा गणित शिकवणाऱ्यांचे तब्बल ५० टक्के गुण मुलांच्या चाचणीवरून काढलेल्या 'व्हॅल्यू अॅडेड' आकड्याचे. सर्वांत खालच्या श्रेणीत गेलात तर नोकरी गेली. त्याच्या वरच्या श्रेणीत लागोपाठ दोनदा आलात तरीही गेली. सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांना २५ हजार डॉलरपर्यंत बक्षीस. जुलै २०१० मध्ये २४१ शिक्षकांना काढलं, त्यातले १६५ या मूल्यमापनामुळे. आणखी ७३७ जणांना इशारा मिळाला.

आता रस्त्याच्या अलीकडे. मॉन्टगोमेरीत १९९९ ते २०११ जेरी वीस्ट सुपरिंटेंडेंट होते. त्यांनी शिक्षक संघटनेबरोबर बसून सहकाऱ्यांकडून मदत आणि पारख अशी व्यवस्था उभी केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे 'पार' म्हणतात. नवा शिक्षक किंवा काम कमी पडतंय असं प्रिन्सिपलला वाटणारा जुना शिक्षक, दोघांनाही एक 'कन्सल्टिंग टीचर' मिळतो. हा स्वतः मुरलेला शिक्षक. तीन वर्षं वर्ग सोडून फक्त हेच काम करतो आणि नंतर परत आपल्या वर्गात जातो. तो वर्षभर वर्गात येऊन बसतो, पाठ बांधायला मदत करतो, स्वतः शिकवून दाखवतो आणि काय दिसलं ते लिहून ठेवतो. वर्षाअखेरीस आठ शिक्षक आणि आठ प्रिन्सिपल यांचं सोळा जणांचं मंडळ निर्णय घेतं.

'मदत' हा शब्द ऐकून ही व्यवस्था मऊ असेल असं वाटतं. तशी ती नाही. पहिल्या अकरा वर्षांत या मंडळाने सुमारे २०० शिक्षकांना काढण्याच्या बाजूने मत दिलं आणि आणखी ३०० जण या प्रक्रियेतून जाण्याऐवजी स्वतःहून गेले. त्याआधीच्या दहा वर्षांत त्याच जिल्ह्यात काढलेले शिक्षक किती? पाच. आणि हे शिक्षक संघटनेच्या संमतीने झालं.

पुढे ओबामांच्या काळात 'रेस टू द टॉप' ही ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा आली. पैसे हवेत तर शिक्षकाचं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीच्या आकड्याशी जोडा, अशी तिची दिशा होती. मेरीलँड जिंकलं. पण मॉन्टगोमेरीने आपल्या वाट्याचे सुमारे १.२ कोटी डॉलर घेतले नाहीत, कारण त्यासाठी 'पार' मोडून गुणांवर आधारलेली पद्धत घ्यावी लागली असती. त्या पालकसभा मला आठवतात. मंदीचे दिवस होते, बजेटला कात्री लागलेली, आणि तरी आम्ही पालकांनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला. माझ्या इथल्या पंचवीस वर्षांत शाळेच्या बाबतीत मला सर्वांत अभिमान वाटला तो त्या संध्याकाळी.

माझं म्हणणं एवढंच: पारख करणारा माणूस वर्गात किती वेळ बसला आणि उणीव दिसल्यावर तिथे थांबला की निघून गेला, यावर सगळं अवलंबून आहे.

कोरडे_आकडे

ताई, लेख मनापासून आवडला, पण वॉशिंग्टनची बाजू तुम्ही फार लवकर संपवलीत. मी त्या शहरात राहिलो आहे, अॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला, जिथे गरीब वस्ती आहे. तिथल्या आईबापांना 'मदत आणि पारख' वगैरे बोलायला सवड नव्हती. मुलगी पाचवीत गेली तरी तिला वाचता येत नाही आणि शिक्षकाच्या अहवालात मात्र दरवर्षी 'समाधानकारक', हे त्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलं होतं. कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं की मुलगी शिकत नसेल तर मोठ्या माणसांपैकी कुणीतरी जबाबदार आहे. त्याची किंमत मला फार वाटते.

दुसरं, त्या पद्धतीचा परिणाम मोजला गेला आहे. स्टॅनफर्डचे थॉमस डी आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेम्स वायकॉफ यांनी २०१३ मध्ये इशाऱ्याच्या रेषेच्या अगदी खाली आणि अगदी वर असलेल्या शिक्षकांची तुलना केली. दोन्ही गट जवळजवळ सारखेच, फरक एखाद-दोन गुणांचा. रेषेखालच्यांपैकी जास्त लोक स्वतःहून सोडून गेले आणि जे राहिले त्यांचं काम पुढच्या वर्षी सुधारलं. बक्षिसाच्या उंबरठ्यावरचेही सुधारले. पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं की कमी श्रेणीचे शिक्षक गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांच्या वर्गात मुलांची गणितातली प्रगती वाढली. म्हणजे ही पद्धत निष्फळ होती असं म्हणता येणार नाही.

आणि एक स्पष्ट विचारतो. मॉन्टगोमेरी हा देशातल्या श्रीमंत काउंटींपैकी एक. तिथे अनुभवी शिक्षकाला तीन वर्षं वर्गाबाहेर ठेवणं परवडतं. बाकीच्यांनी काय करायचं?

खडू_फळा

मी दुसऱ्या एका राज्यात शिकवते, जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. विषय चित्रकला, वर्ग पहिली ते पाचवी. रेस टू द टॉपनंतर आमच्याकडेही गुणांची पद्धत आली. चित्रकलेची राज्य चाचणी नसते. मग माझ्या मूल्यमापनाचा मोठा हिस्सा कुठून आला? शाळेतल्या चौथी-पाचवीच्या वाचनाच्या गुणांवरून! ज्या मुलांना मी आठवड्यातून पंचेचाळीस मिनिटं भेटते, त्यांच्या वाचनावर माझी श्रेणी ठरायची. एका वर्षी मी 'उत्तम' होते, पुढच्या वर्षी 'सुधारणा आवश्यक'. माझ्या शिकवण्यात काडीचा फरक नव्हता.

ते पत्र हातात आलं त्या दिवशी मी गाडीत बसून खूप रडले. अठरा वर्षांची नोकरी होती. प्रिन्सिपल भल्या बाई, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. 'आकडा वरून येतो,' म्हणाल्या.

वॉशिंग्टनमध्येही व्हॅल्यू अॅडेड आकडा दर पाच शिक्षकांमागे धड एकालाही लागू होत नव्हता. बाकीच्यांचं मूल्यमापन वेगळ्याच मापांनी. हे लोकांना माहीत नसतं.

वाचकमात्र

व्हॅल्यू अॅडेड म्हणजे नक्की काय, ते कुणी साध्या भाषेत सांगेल का?

कोरडे_आकडे

प्रयत्न करतो. मुलाचे गेल्या वर्षीचे गुण, घरची गरिबी, विशेष शिक्षणाची गरज वगैरे घालून गणित मांडतात: हे मूल या वर्षी साधारण इतके गुण मिळवील. मग प्रत्यक्षात मिळाले किती ते पाहतात. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या या फरकांची सरासरी म्हणजे शिक्षकाने घातलेली भर, असं धरतात.

कल्पना चांगली आहे. नुसत्या निकालापेक्षा तरी नक्कीच न्याय्य, कारण झोपडपट्टीतल्या शाळेची तुलना बंगलेवाल्या वस्तीशी होत नाही. अडचण अशी की वर्गात वीस-पंचवीस मुलं. एवढ्या लहान संख्येत दोन-तीन मुलं परीक्षेच्या दिवशी आजारी असली तरी सरासरी हलते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये निवेदन काढलं होतं: गुणांमधल्या चढउतारांपैकी शिक्षकामुळे होणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के निघतो, बाकी सगळं व्यवस्थेतल्या इतर गोष्टींमुळे. मी आकड्यांच्या धंद्यातला आहे. हजार शिक्षकांबद्दल बोलायला हे साधन उपयोगी आहे, पण एका बाईला नोकरीवरून काढायला मी फक्त तेवढंच वापरणार नाही. एवढं मी ताईंना मान्य करतो.

पोटोमॅककाठ

@कोरडे_आकडे, तुमचा पहिला मुद्दा मला पटतो आणि तो मी लिहायला हवा होता. नदीपलीकडच्या पालकांचा राग खरा होता. तो कुणीतरी ऐकला, याचं श्रेय री यांना द्यायलाच हवं.

पण निकालावर एवढं वजन टाकलं की निकालच वाकतो. मार्च २०११ मध्ये 'यूएसए टुडे'ने वॉशिंग्टनच्या शाळांतल्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड छापली. चुकीचं उत्तर पुसून बरोबर केल्याचं प्रमाण कित्येक वर्गांत विलक्षण जास्त होतं, आणि त्यातल्या एका शाळेला आधी गौरवून बक्षिसंही दिली होती. त्याच वर्षी एका पाचवीच्या शिक्षिकेला कमी व्हॅल्यू अॅडेडमुळे काढलं. तिची वर्गनिरीक्षणं चांगली होती, प्रिन्सिपल तिच्या बाजूने होते. तिचं म्हणणं, माझ्याकडे आलेल्या काही मुलांचे चौथीचे गुण फार वर होते आणि तरी त्यांना साधं वाचता येत नव्हतं. मागचे गुण फुगलेले असतील तर पुढच्या शिक्षकाची 'भर' उणेच निघणार. तिला लगेच पलीकडे व्हर्जिनियात नोकरी मिळाली. म्हणजे वॉशिंग्टनच्या मुलांनी एक चांगली शिक्षिका गमावली.

अॅटलांटात तर याहून भयंकर. २०११ च्या राज्य चौकशीत परीक्षेतल्या फसवणुकीबद्दल ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-प्रिन्सिपलांची नावं आली. तिथल्या सुपरिंटेंडेंट बेव्हर्ली हॉल यांना दोनच वर्षांपूर्वी देशातल्या सर्वोत्तम सुपरिंटेंडेंटचा मान मिळाला होता. ज्या मुलांचे गुण वाढवले गेले त्यांना जादा शिकवणी मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण कागदावर ती मुलं पास होती. मला सगळ्यांत जास्त दुखतं ते हे.

आणि शिवाय साधी चूक: डिसेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनने कबूल केलं की गणितातल्या गफलतीमुळे ४४ शिक्षकांचे गुण चुकीचे लागले. त्यातल्या एकाला कामावरून काढून झालं होतं.

श्रीमंतीबद्दल: ही कल्पना मॉन्टगोमेरीची नाहीच. ती ओहायोतल्या टोलीडोची, १९८१ मधली. काचेच्या आणि मोटारींच्या कारखान्यांचं गाव, पैशाची ददात असलेलं. ती मांडली शिक्षक संघटनेनेच. वीस्ट यांनीही काउंटीचे 'लाल' आणि 'हिरवा' असे दोन भाग पाडून गरीब वस्तीच्या लाल भागातल्या शाळांना जास्त पैसे आणि लहान वर्ग दिले होते. शिक्षकाला जबाबदार धरायच्या आधी त्याच्या वर्गातली मुलं कमी केली.

जुनी_पाने

यातलं काहीच नवं नाही. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी 'निकालाप्रमाणे पैसे' हा नियम आणला. इन्स्पेक्टर येऊन मुलांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घेई आणि पास मुलांच्या हिशेबाने शाळेला अनुदान मिळे. काय झालं? मुलांकडून पुस्तक घोकून घेतलं जाई. मॅथ्यू अर्नोल्ड कवी म्हणून प्रसिद्ध, पण पोटापाण्यासाठी ते शाळा-इन्स्पेक्टर होते आणि या पद्धतीचे कडवे विरोधक. तीसेक वर्षांनी ती गेली. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांचं अनुदान एके काळी निकालावर बेतलेलं होतं. आपल्याकडची 'साहेब येणार' म्हणून मुलांना उत्तरं पाठ करून उभं करण्याची सवय कुठून आली असेल, याचा विचार करावा.

माणदेशी_मास्तर

जिल्हा परिषद शाळा, दोन शिक्षकी, एकवीस वर्षं सेवा. रात्री उशिरा वाचतोय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय इथल्या किती जणांना आठवतो? बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वाढीव पगाराची वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणी शाळेच्या निकालाला जोडली. प्राथमिक शाळा 'प्रगत' हवी, शाळासिद्धीत 'अ' श्रेणी हवी. हायस्कूलच्या शिक्षकांना नववी-दहावीच्या निकालाची टक्केवारी. विरोध झाला आणि पुढे ती अट मागे घेतली, पण मधल्या काळात काय झालं ते मी पाहिलंय. शाळासिद्धीचं स्वयंमूल्यमापन म्हणजे स्वतःच्या शाळेत काय कमी आहे हे आपणच प्रामाणिकपणे लिहायचं. पगार त्याला जोडल्यावर खरं कोण लिहील? 'आमच्याकडे मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही' हे लिहिलं की आपलीच श्रेणी खाली. चांगलं साधन होतं, वाया गेलं. खडू_फळा ताईंचं दुःख मला पूर्ण कळलं.

आमच्याकडे पारख कशी होते? वर्षाअखेरीस गोपनीय अहवाल. गोपनीय म्हणजे माझं काय चुकतं हे मलाच धड कळत नाही. साहेब येतात ते पोषण आहाराचं रजिस्टर, पटसंख्या, ऑनलाइन माहिती भरली का, एवढं बघतात. शेरेबुकात 'सूचना दिल्या' लिहून सही. वर्गात पंधरा मिनिटं बसून मुलं वाचताना ऐकणारा माणूस एकवीस वर्षांत मला एकदाच भेटला.

ते आमचे केंद्रप्रमुख होते, आता सेवानिवृत्त झाले. दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. मोटरसायकल लांब उभी करून चालत यायचे. पहिल्या दिवशी दुसरीच्या पोरांत सतरंजीवर बसले. एक पोरगं हातच्याची वजाबाकी चुकवत होतं, मी त्याला तीनदा तीच रीत सांगितली. ते उठले, मला विचारलं, 'मी करून बघू का?' बाहेरून चिंचोके आणले, दहाचे गठ्ठे केले आणि पोराला म्हणाले, 'तुझ्याकडे तीन सुटे आहेत, मी सात मागतोय, आता कसं देशील?' पोराने स्वतःच गठ्ठा सोडला. मला कुणी एक शब्द बोललं नाही, पण त्या दिवशी माझी चूक मला कळली. पुढच्या आठवड्यात ते परत आले, फक्त तेवढंच बघायला. शेरेबुकात काय लिहिलं तेही सांगतो: 'चिंचोके पुरेसे नाहीत. गोळा करणे.'

खडू_फळा

मास्तर, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

अनामिका_एमडी

मी मॉन्टगोमेरीतच माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पहिल्या वर्षी मला कन्सल्टिंग टीचर होत्या, त्यामुळे आतून सांगते.

त्या आधी न सांगताही यायच्या. मागच्या बाकावर बसून सतत लिहायच्या. सुरुवातीला माझे हात थरथरायचे. पण त्या काय लिहितात ते नंतर वाचल्यावर भीती गेली. 'वर्गनियंत्रण कमकुवत' असलं एकही वाक्य नाही. 'दहा वाजून बारा मिनिटं. प्रश्न विचारला. दोन सेकंदांनी स्वतः उत्तर दिलं. उजवीकडच्या रांगेतल्या चौघांना तासात एकदाही विचारलं नाही.' अशी पानंच्या पानं. इथे निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: दावा करायचा तर शेजारी पुरावा लिहायचा, आणि त्याचा मुलांवर काय परिणाम झाला तेही. उजवीकडच्या त्या चौघांत माझा सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे पडलेला, दोन्ही विद्यार्थी होते. मला ते दिसलंच नव्हतं.

माझ्याबरोबर लागलेल्या एकीला वर्षाअखेरीस काढलं. वाईट वाटलं. पण प्रक्रियेला दोष देता येईल असं नव्हतं आणि 'अन्याय झाला' असंही तिने म्हटलं नाही. वर्षभर काय चाललंय ते तिला माहीत होतं.

कोरडे_आकडे यांना एक सांगायचंय: वॉशिंग्टननेही पुढे बरंच बदललं. २०१२ मध्ये ५० टक्क्यांचे ३५ केले. २०१६ पासून शिक्षकांसाठी दर आठवड्याला आपापल्या विषयाची दीड तासाची बैठक आणि वर्गात येणारा मार्गदर्शक सुरू झाला. तोपर्यंत फेंटी निवडणूक हरले होते आणि री २०१० च्या ऑक्टोबरातच गेल्या होत्या. माझ्या ओळखीचे तिथले शिक्षक म्हणतात की या बैठका आधी आल्या असत्या तर बरंच वैर टळलं असतं.

कोरडे_आकडे

हे मला मान्य आहे. एक भर घालतो, कारण ती माझ्याच पहिल्या प्रतिसादाच्या विरुद्ध जाते. गेट्स फाउंडेशनच्या मदतीने टँपा, मेम्फिस, पिट्सबर्ग अशा ठिकाणी गुण, निरीक्षणं आणि बक्षीस यांची एकत्र पद्धत काही वर्षं राबवली गेली. सगळा खर्च मिळून सुमारे ५७.५ कोटी डॉलर. रँड संस्थेचा २०१८ चा अहवाल सांगतो की मुलांच्या शिकण्यात अपेक्षित वाढ दिसली नाही. त्याआधीच, २०१५ च्या केंद्रीय कायद्याने, शिक्षकाचं मूल्यमापन गुणांशी जोडण्याची केंद्र सरकारकडून होणारी सक्ती संपली होती.

तरी मी नदीपलीकडच्या आईला विसरणार नाही. चांगल्या निरीक्षकाची वाट बघताना तिच्या मुलीचं पाचवीचं वर्ष परत येत नाही. 'पार' असो नाहीतर काही, ते तिच्या शाळेत आधी सुरू व्हायला हवं, वेस्टर्न अॅव्हेन्यूवर नंतर.

पोटोमॅककाठ

हे शेवटचं वाक्य मी पालक संघाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

कोरडे_आकडे

चालेल.

माणदेशी_मास्तर

अनामिका ताई, एक विनंती. आमच्या केंद्राची महिन्याला शिक्षण परिषद असते. सध्या त्यात बहुतेक वेळ सूचना वाचण्यात जातो. तुमच्या त्या बाई लिहायच्या तसा एक कोरा नमुना मराठीत करून द्याल का? अधिकाऱ्यांना द्यायचा नाही. आम्ही शेजारच्या शाळेतले दोघं-तिघं मिळून एकमेकांच्या वर्गात बसून बघतो.

अनामिका_एमडी

नक्की देते. दोन रकाने पुरतात: डावीकडे वेळ आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे, उजवीकडे कोणत्या मुलाने काय केलं. मत लिहायला मुद्दाम जागा ठेवत नाही, ते दोघांनी नंतर बसून बोलायचं. पहिल्यांदा दहाच मिनिटं लिहा, जास्त नको. आणि ज्याच्या वर्गात बसाल त्याला तो कागद त्याच दिवशी द्या, प्रत स्वतःकडे ठेवू नका.